शेडिंग मळकट होतंय? आधी खोलीतला उजेड बघा, पेन्सिल नंतर

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून रात्री जेवणं आटोपली की तासभर पेन्सिल हातात घेता. आकार, प्रमाण बऱ्यापैकी जमतं, पण शेडिंग सुरू केलं की चित्र मळकट होतं आणि वस्तू काही केल्या कागदातून वर उठत नाही. व्हिडिओ बघून गोल, शंकू, दंडगोल गिरवून झाले. आता चारकोल (चित्रकलेचा कोळसा) घ्यावा, क्लास लावावा की सरळ रंगांकडे वळावं, असा तुमचा प्रश्न आहे. सोबत कपबशी आणि सफरचंद अशी दोन चित्रं पाठवलीत हे बरं केलंत. नाहीतर असल्या प्रश्नाला हवेतच उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या हातात दोष नाही. दोष खोलीतल्या उजेडात आहे. चित्रातल्या कपाला तीन सावल्या आहेत: एक ठळक उजवीकडे, एक मागे आणि तिसरी फिकट, डावीकडे. समोर दिसल्या तशा तुम्ही इमानदारीने काढल्या. पण तीन दिवे तीन बाजूंनी असले की कपाची कुठलीच बाजू धड उजेडात नसते आणि धड अंधारातही नसते. सगळीकडे मधलाच करडा. तो करडा कागदावर उतरला की आपण त्याला मळकट म्हणतो आणि पेन्सिलला दोष देतो.

त्यातून आपल्या घरोघरी असतो तो ट्यूबलाइट. आज रात्री एक साधा प्रयोग करा. ट्यूबच्या खाली टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि कागदापासून वीतभर वर पेन्सिल आडवी धरा, आधी ट्यूबला समांतर. सावली बऱ्यापैकी रेखीव दिसेल. आता पेन्सिल तशीच आडवी ठेवून काटकोनात फिरवा. सावली विरघळून जवळजवळ नाहीशी होईल. पेन्सिल तीच, उंची तीच. फरक इतकाच की ट्यूब लांबीला चार फूट आणि रुंदीला इंचभर आहे. एका दिशेने ती बारीक दिवा असते आणि दुसऱ्या दिशेने लांबलचक दिवा. लांब दिव्याचा उजेड पेन्सिलीला वळसा घालून सावलीत शिरतो. अशा उजेडात कपाची एक कड स्पष्ट आणि दुसरी पुसट दिसते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच कळत नाहीये.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दिवा. किराणा दुकानातून एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं मागून आणा. समोरची आणि डावीकडची बाजू कापून टाका, आत करडा किंवा काळा कागद चिकटवा. टेबललॅम्पमध्ये पाच-सात वॅटचा एलईडी बल्ब पुरे. दिवा डावीकडून, वस्तूच्या वरून आणि किंचित पुढून यायला हवा. वस्तूचा साधारण एक तृतीयांश भाग अंधारात गेला की दिवा जागेवर आला असं समजा. निम्मा उजेड निम्मा अंधार अशी वाटणी टाळा. तशा चित्रात नजर कुठे ठरत नाही. दिवा किमान दोन फूट लांब ठेवा. एका फुटावरून दोन फुटांवर नेला की उजेड निम्मा होत नाही, पावपट होतो. म्हणून दिवा अगदी जवळ असला तर वस्तूची जवळची कड भगभगते आणि दूरची मरून जाते, आणि टेबलावरची सावली लांब जाता जाता फाकते. उन्हातली सावली अशी फाकत नाही, कारण सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतरच धरायचे.

मग कागद कसा दिसणार? कागदासाठी वेगळा दिवा पाठीमागून घ्या आणि त्याचा उजेड खोक्यात जाणार नाही अशी पुठ्ठ्याची आडोशी पट्टी लावा. ही पट्टी लावायचा लोकांना फार कंटाळा येतो. ती लावल्याशिवाय बाकीचं वाचून उपयोग नाही.

दिवसा खिडकीशी बसता येईल का, असंही तुमच्या मनात येईल. पुस्तकांत उत्तरेकडची खिडकी सांगतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. ती पुस्तकं युरोपच्या आकाशासाठी लिहिलेली. आपलं नागपूर २१ अक्षांशाच्या जरासं वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. इथे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे कलूनच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येऊ शकतं. हिवाळ्यात मात्र ती खिडकी खरोखर उत्तम. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेत खिडकीत कूलर बसलेला असतो, तेव्हा खिडकी उत्तरेची असो की दक्षिणेची, उजेड गेलाच. कूलरच्या झोतात कागदही सादळतो. सादळलेल्या कागदावर पेन्सिल गडद उमटते आणि पुसायला गेलं की कागदाची साल निघते. उन्हाळ्यात चित्र काढायला बसताना कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवा किंवा तेवढा वेळ पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

आता खोक्यात काय ठेवायचं? सफरचंद नको, त्याची चकाकी आणि लाल-पिवळे पट्टे नवख्याला चकवतात. आपल्या गावात असताना संत्रं सोडून सफरचंद का काढायचं हाही प्रश्न आहेच. आंबिया बहाराचं असो की मृग बहाराचं, म्हणजे कुठल्याही हंगामाचं, एक घट्ट सालीचं संत्रं निवडा. फार पोचट, साल सुटलेलं नको, त्यावर खळगे पडलेले असतात. संत्र्याच्या सालीवरची बारीक छिद्रं तुम्हाला छायाप्रकाशाचा सगळ्यात महत्त्वाचा धडा फुकटात देतात, तो असा.

दिव्याखाली संत्रं ठेवून अगदी जवळून बघा. उजेडाच्या मधोमध साल जवळपास गुळगुळीत दिसते. अंधाऱ्या बाजूलाही छिद्रं जेमतेम कळतात. पण उजेड संपून अंधार सुरू होतो तिथल्या अरुंद पट्ट्यात प्रत्येक छिद्र टोचल्यासारखं उठून दिसतं, कारण तिथे उजेड सालीला घासून जातो आणि प्रत्येक खळग्याची एक कड उजळते, दुसरी काळवंडते. ही छिद्रं जिथे सगळ्यात ठळक, तिथेच थोडं पलीकडे उजेडाची हद्द आहे. त्या हद्दीची रेघ आधी काढायची. अंदाजाने नाही, बघून. संत्रं थोडं चपटं असतं, देठाशी उंचवटा असतो, त्यामुळे ती रेघ पुस्तकातल्या गोळ्यासारखी सुबक चंद्रकोर येत नाही. देठापाशी ती वाकते. ते वाकणं नेमकं पकडलं की निम्मं संत्रं झालं.

बहुतेकांचं इथेच चुकतं. बाह्यरेषा काढली की लगेच कडेने काळं करायला लागतात, मग आत येत येत फिकट करतात. तुमच्या कपाच्या दोन्ही कडा काळ्या आहेत आणि मध्ये पांढरा पट्टा आहे, तो असाच आला. गंमत म्हणजे ही पद्धत अडाणी नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अवयवांना गोलाई दिली ती बऱ्याच ठिकाणी अशीच: कडेला गडद, मध्ये उजळ. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा, नाकाच्या दांड्यावर उजळ रंग आहे, पण त्या उजेडाचा दिवा कुठे आहे ते सांगता येत नाही. तिथे दिवा नाहीच. शरीराला उठाव द्यायचा, एवढाच त्यांचा हेतू. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागात छटा लावण्याच्या पत्रजा, ऐरिक आणि बिंदुज अशा तीन रीती सांगितल्या आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेघांनी, अगदी बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी. म्हणजे रेघा मारू की घासू की ठिपके देऊ, हा वाद फार जुना आहे आणि त्यात कुणीही चूक नाही. पण तुम्हाला उठाव नुसता नकोय, तुम्हाला टेबलावर ठेवलेलं, दिव्याखालचं संत्रं हवंय. त्यासाठी दिवा एका बाजूला आहे हे कागदावर दिसलं पाहिजे, आणि ते हद्दीच्या रेघेनेच दिसतं.

रेघ झाली की टेबलावर पडलेल्या सावलीचीही बाह्यरेषा काढा. मग २बी किंवा ४बी अशा मऊ पेन्सिलीने संत्र्याची अंधारी बाजू आणि टेबलावरची सावली, दोन्ही मिळून एकाच सपाट करड्याने भरून टाका. आतले फरक करू नका. दोन्ही एकमेकांत मिसळून एक मोठा डाग झाला तरी चालेल, झालाच पाहिजे. उजेडाची बाजू कोरी ठेवा. आता कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघा. एवढ्या दोन छटांतच संत्रं गोल दिसायला लागलं असेल तर पुढे जा. नसेल दिसत, तर पुढे कितीही बारीक काम केलं तरी दिसणार नाही, रेघ पुन्हा बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीचे पंधरा दिवस या दोन छटांपलीकडे जाऊ देत नाही. कंटाळतात, घरचे विचारतात की फी भरून पोरगं नुसते काळे डाग का काढतंय. पण त्यानंतर गाडी धावते.

दोन छटा जमल्या की उजेडाच्या बाजूकडे वळायचं. इथे एक गोष्ट माहीत असली की फार फरक पडतो. पृष्ठभाग दिव्याकडे तोंड करून असतो तेव्हा पूर्ण उजेड घेतो. तो ३० अंश तिरका झाला तरी उजेड फारसा कमी होत नाही, साधारण ८७ टक्के उरतो. ६० अंशांना निम्मा होतो, आणि उरलेल्या ३० अंशांत शून्यावर येतो. म्हणजे उजेड आधी रेंगाळतो आणि हद्दीजवळ एकदम पडतो. व्हिडिओत शिकवतात तसा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकसारखा उतरता पट्टा संत्र्यावर घातला, तर मधला सगळा भाग नको तितका करडा होतो. हा तुमच्या मळकटपणाचा दुसरा स्रोत. उजेडाची बाजू धीटपणे उजळ ठेवा, मधल्या छटा हद्दीलगतच्या पट्ट्यात गोळा करा.

चकाकीचा पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो सगळ्यात उजळ भागाच्या बरोबर मध्ये असतो असं नाही. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून बघा, ठिपका संत्र्यावर सरकतो, कारण तो तुमच्या डोळ्यावरही अवलंबून आहे. हद्दीची रेघ मात्र सालीवर जिथल्या तिथेच राहते. ओल्या डोळ्याचा, नाकाच्या शेंड्याचा ठिपका पुढे काढाल तेव्हाही असंच डोकं हलवून बघायचं.

अंधाऱ्या बाजूत खालच्या कडेला थोडा उजेड परत आलेला दिसेल. टेबलावर आपटून वर आलेला. त्याने नवीन माणूस हरखून जातो आणि तिथे खोडरबर चालवून पांढरी किनार काढतो. संत्रं मग काचेचं वाटायला लागतं. खात्री करून घ्या: संत्र्याखाली पांढरा कागद ठेवा, मग तो काढून काळा कपडा ठेवा. परतलेला उजेड कमी-जास्त होईल, पण अंधाऱ्या बाजूचा सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहील. हा नियम त्याच वस्तूपुरता, त्याच सालीपुरता. तो मोडला की चित्रातला दिवा विझला.

डोळे इथे फसवतात, याला तुमचा इलाज नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये एक चित्र केलं: बुद्धिबळाच्या पटावर एक हिरवा नळकांडा आणि त्याची सावली. सावलीतलं पांढरं घर आणि उजेडातलं काळं घर डोळ्यांना वेगवेगळं दिसतं, प्रत्यक्षात दोन्ही अगदी एकाच करड्याची आहेत. मेंदूला घर पांढरं आहे हे ठाऊक असतं, म्हणून तो सावली वजा करून बघतो. रस्त्यावर चालताना हे सोयीचं, चित्र काढताना अडचणीचं. त्यावर उपाय ऑफिसातल्या पंच मशीनचा. जाड करड्या कार्डाला दोन भोकं पाडा. एक डोळा मिटून कार्ड हातभर लांब धरा आणि एका भोकातून एक जागा, दुसऱ्यातून दुसरी जागा बघा. आजूबाजूचं झाकलं गेलं की मेंदूला वजाबाकी करता येत नाही आणि खरी छटा समोर येते. संत्र्याच्या सावलीतला पांढरा कागद या भोकातून बघितला की पहिल्यांदा सगळेच विचारतात, इतका काळा आहे?

सावलीच्या कडांबद्दल थोडं. संत्रं टेबलाला टेकतं तिथे केसाएवढी काळीकुट्ट फट असते. सगळ्या चित्रात ६बी फक्त तिथे. संत्र्याजवळ सावलीची कड धारदार असते आणि दूर जावं तशी मवाळ होते. उन्हातही असंच. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे सावली पाडणारी वस्तू एक मीटर वर असेल तर खाली कडेचा मवाळ पट्टा साधारण एक सेंटीमीटरचा होतो. गच्चीच्या कठड्याची सावली आणि वर टांगलेल्या तारेची सावली एकाच वेळी बघा, हे लक्षात येईल. सगळ्या कडा एकाच धारेच्या काढल्या की सावली कागद कापून चिकटवल्यासारखी वाटते.

आता पेन्सिलकडे. बोटाने घासणं आजपासून बंद. बोटाचं तेल कागदात जातं, तिथे ग्रॅफाइट डागासारखं बसतं आणि खोडरबरनेही निघत नाही. तुमच्या सफरचंदावरचा तो चिकट काळपटपणा मला बोटाचाच वाटतो. घासायचंच असेल तर कागदाची गुंडाळलेली स्टंप वापरा, पण पहिले काही महिने तीही नको. एकाच दिशेच्या बारीक रेघा, दुसरा थर थोड्या कोनात. आणि एचबीने दाबून काळं करू नका. एचबीत माती जास्त, ती दाबली की कागदाचे बारीक दाणे सपाट होतात, चकाकी येते आणि वर ६बी धरतच नाही. काळं हवं तिथे पहिल्यापासून मऊ पेन्सिल आणि हलका हात. कागद साधा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाडसर कागद) चालेल, फार गुळगुळीत नको.

संत्र्यानंतर लगेच चेहऱ्याकडे धावू नका. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी घरात कुठेतरी माळ्यावर असेलच, तो खाली काढा. पटाशीने तासलेल्या लाकडाला सपाट पैलू असतात. मान, वशिंड, मागचा पुठ्ठा, प्रत्येक पैलू दिव्याकडे वेगळा कोन करतो आणि त्याची एक-एक ठरलेली छटा असते. संत्र्यावर उजेड हळूहळू वळतो, नंदीवर तो पायरीपायरीने उतरतो. पाच छटांची एक पट्टी वेगळ्या कागदावर करून घ्या आणि प्रत्येक पैलूला त्या पाचांतली एकच छटा द्या. जास्त चकचकीत पॉलिश असेल तर मात्र तो नंदी या कामाचा नाही. पुढे माणसाचा चेहरा काढाल तेव्हा कपाळ, गालफड, हनुवटी यांचे असेच पैलू आधी दिसायला लागतील.

तिसरी पायरी म्हणून पांढरं अंडं आणि जांभळं वांगं शेजारी ठेवा. इथे वर सांगितलेला नियम वस्तू बदलल्यावर चालत नाही हे कळेल. वांग्याची उजेडातली बाजू अंड्याच्या सावलीपेक्षाही गडद असते. ज्याने ‘उजेड म्हणजे पांढरा, सावली म्हणजे काळा’ असं पाठ केलंय त्याचं इथे हमखास अडतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी बऱ्याच ठिकाणी डावीकडून उजेड, उजवीकडे काळं असा साचा शिकवतात. वस्तुचित्राच्या पेपरला वर्गात चार खिडक्या उघड्या असतात आणि उजेड भलतीकडूनच येतो, पण पोरं उजवीकडेच काळं करतात. गुण मिळतातही. बघायची सवय तेवढी मोडते.

पितळी तांब्या शेवटी. चकचकीत धातूवर हद्दीची रेघ शोधत बसू नका, तो आरशासारखा आहे. त्यात दिवा दिसतो, खोकं दिसतं, तुम्ही दिसता. सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात काळा अगदी एकमेकांना चिकटून येतात, मध्ये पायऱ्या नसतात. जसे आकार दिसतात तसे तुकडे-तुकडे काढत जा. संत्र्यापेक्षा हे सोपं आहे असं म्हटलं तर लोकांना पटत नाही, पण आहे.

सुटीच्या दिवशी मात्र खोकं सोडून बाहेर पडा. आपल्याकडचं ऊन चित्रकाराला फार शिकवतं, वेळ निवडायला हवी एवढंच. २६ मेच्या आसपास दुपारी बारा-सव्वाबाराला नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गडप होते. त्या दिवसांत दुपारी चित्र काढणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, आणि काढण्यासारखं काही नसतंही: भुवयांखाली काळे खड्डे, नाकाखाली काळा डाग. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे खांबाची सावली खांबाएवढीच लांब. दिवसभर कुठल्याही वेळी बसा, उजेड तिरपाच मिळणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्याचे महिने.

झिरो माइलच्या स्तंभापाशी असलेले घोड्यांचे चार पुतळे एकाच जागी बसून सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा फक्त दोन छटांत काढा. सकाळी ज्याचं तोंड उजळलेलं त्याचं संध्याकाळी अंधारात, चित्र पूर्ण वेगळं होतं. दीक्षाभूमीचा घुमट लांबून काढा. एवढा मोठा, पांढरा, स्वच्छ अर्धगोल सरावाला शोधून मिळणार नाही. गर्दीचे दिवस सोडून जा आणि एका कडेला बसा. पांढऱ्या वस्तूची सावली किती फिकट असते ते तिथे कळेल: वरून आकाशाचा आणि खालून तापलेल्या फरशीचा उजेड तिच्यात शिरलेला असतो. तिथे ४बी दाबलं की पांढरा घुमट डांबराचा होतो. इतवारी आणि महाल या जुन्या वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांत तर ऊन एकाच भिंतीवर पडतं आणि समोरची अख्खी भिंत त्या परतलेल्या उजेडावर दिसते. सावलीत इतकं काही असतं, हे या गल्ल्यांइतकं कुठेच कळत नाही.

कडुनिंबाखाली बसाल तर खालचे कवडसे बघा. पानांच्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवरचे ठिपके बहुतेक गोल किंवा लंबगोल. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची छोटी प्रतिमा आहे. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. फट पाचेक मीटर उंच असेल तर ऊन सरळ वरून असताना कवडसा चार-पाच सेंटीमीटरचा होतो, ऊन तिरपं असलं की लांबट आणि मोठा. झाडाखाली पानांच्या आकाराचे उजेडाचे तुकडे काढलेली चित्रं मी खूप बघतो. ती झाड न बघता काढलेली असतात.

मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र करायचा मोह होईल. आजचे फोन सावल्या आपणहून उजळवतात आणि उजेड दाबतात, म्हणजे तुम्ही जी हद्द शोधताय तीच फोन पुसतो. फोटो वापरायचाच असेल तर एचडीआर (उजेड-सावलीतला फरक आपोआप कमी करणारी फोनची सोय) बंद करा आणि स्क्रीनवर सावलीच्या जागी बोट ठेवून उजेड कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढा. तरी जागेवर केलेलं दहा मिनिटांचं दोन छटांचं स्केच त्याच्या शेजारी हवंच. शंका आली की स्केचचं खरं मानायचं.

चारकोलबद्दल: घ्या, पण वरचं संत्रं जमल्यावर. छायाप्रकाशासाठी तो पेन्सिलीपेक्षा सरस आहे, कारण मोठे डाग चटकन पडतात आणि काळा चकाकत नाही. सोबत पुटी रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) घ्या. उन्हाळ्यात ते उष्म्याने पातळ होऊन चिकटतं, झाकणाच्या डबीत ठेवा. करड्या कागदावर चारकोल आणि पांढरा खडू असा सराव तर उत्तमच, कागद मधली छटा सांभाळतो.

रंगांची घाई नको. तरी रंगात छायाप्रकाश काय करू शकतो ते बघायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं समईवाल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र बघा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिव्यावर आडोशाला धरलेल्या हाताची बोटं आतून लाल झाली आहेत, कारण उजेड कातडीतून झिरपतोय. जलरंगात पांढरं म्हणजे राखलेला कागद, त्यामुळे उजेड कुठे ठेवायचा हे आधीच ठरवावं लागतं. तुम्ही संत्र्यावर कोरी बाजू राखाल तेव्हा तेच करत असाल.

क्लासचं विचारलंत. लावायला हरकत नाही, पण फी भरण्याआधी एकदा चालू तासाला जाऊन मागे बसा. मुलांसमोर दिव्याखाली खरी वस्तू ठेवली आहे की सगळे मोबाइलवरून चेहरे उतरवतायत, हे पाच मिनिटांत दिसेल. वस्तू असेल तर वर किती ट्यूब चालू आहेत तेही मोजा. तोवर खोकं, बल्ब आणि संत्रं यांवर महिना काढा, आणि सगळे कागद तारीख घालून ठेवा. दोन छटांचे पाच-सहा कागद झाले की पुन्हा पाठवा. शेडिंग केलेले नकोत, नुसते दोन छटांचेच. त्यावरून पुढचं सांगता येईल.